न सांगता आठवणं



आघात झालेल्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता विसर." दुसरा, "मनात ठेवू नकोस, बोलून टाक, हलकं वाटेल." दोन्ही सल्ले देणारी माणसं मायेचीच असतात, पुष्कळदा एकाच घरातली असतात. पण ठरवून विसरता येत नाही. आणि बोलायचं म्हटलं तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोहोचणार नाही याची हमी कोण देणार? काही गोष्टी तर अशा असतात, की त्या सांगितल्या तर सांगणाऱ्या बाईलाच जाब द्यावा लागतो. मग ती गप्प राहते आणि आपण म्हणतो, बरी सावरली हो.

आज ज्या उपचाराबद्दल बोलायचं आहे, तो या दोन्ही सल्ल्यांच्या मधून वाट काढतो. त्याचं नाव ईएमडीआर. पूर्ण नाव 'आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग'. ते म्हणतानाच दम लागतो, तेव्हा आद्याक्षरांवर भागवू. त्यात माणूस ती नकोशी आठवण मनात धरतो आणि त्याच वेळी समोर बसलेल्या उपचारकाच्या हलत्या बोटांमागे नजर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवतो. बस्स. काय घडलं हे त्याने इत्थंभूत सांगावं अशी अट नसते. माझ्या मते या उपचाराचं खरं मोल या नसलेल्या अटीत आहे. गाजला मात्र तो डोळ्यांमुळे.

हे ऐकून शहाण्या माणसाला हसू येणं स्वाभाविक आहे. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात कुणीतरी उभं राहून विचारलंच पाहिजे, की बाई, हा गंडादोऱ्याचाच शहरी अवतार नाही ना? हा प्रश्न मी टाळणार नाही. आधी थोडा इतिहास.

युद्धावरून शरीराने धड पण मनाने मोडून परतणारे सैनिक पहिल्या महायुद्धातही होते. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 1915 मध्ये 'शेल शॉक'वर लिहिलं. तरीही अमेरिकन मनोविकार संघटनेच्या अधिकृत यादीत 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर', म्हणजे पीटीएसडी, या नावाने हे दुखणं दाखल व्हायला 1980 साल उजाडलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा रेटा त्यामागे होता. दुखण्याला नाव मिळालं, पण खात्रीचा उपचार हाताशी नव्हता. अशा वेळी फ्रान्सीन शपिरो आल्या.

शपिरो मूळच्या इंग्रजी साहित्याच्या. थॉमस हार्डीवर काम करत असताना त्यांना कर्करोगाचं निदान झालं. त्यातून त्या मनाचा आणि शरीराचा संबंध शोधायला लागल्या आणि मानसशास्त्राकडे वळल्या. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बागेत फिरताना त्यांना जाणवलं म्हणतात, की मनात घोळणारे त्रासदायक विचार विरताहेत आणि त्या वेळी आपले डोळे भराभर इकडून तिकडे हलताहेत. मग त्यांनी डोळे मुद्दाम हलवून पाहिले, ओळखीपाळखीच्या लोकांना हलवायला लावले, आणि शेवटी 22 जणांचा अभ्यास केला. त्यात व्हिएतनामचे सैनिक होते, बलात्कार आणि लैंगिक अत्याचार सोसलेली माणसं होती. हा अभ्यास 1989 मध्ये छापून आला. एकाच बैठकीत आठवणीचा त्रास जवळपास ओसरला, असा त्यांचा दावा होता.

बागेतली ही गोष्ट मला फारशी पटत नाही. डोळ्यांच्या असल्या झटपट हालचाली आपल्या आपल्याला सहसा कळत नाहीत, हा आक्षेप संशोधकांनीही घेतला आहे. पहिल्या अभ्यासात उपचार करणाऱ्या शपिरोच आणि फरक मोजणाऱ्याही त्याच, ही त्याहून मोठी उणीव. भरीला, सुरुवातीच्या काळात प्रशिक्षण घेणाऱ्यांकडून 'हे मी दुसऱ्याला शिकवणार नाही' असं लिहून घेतलं जाई. विज्ञानाला शोभणारी ही रीत नव्हे. ज्ञान कुलूपबंद केलं की लोकांना संशय येणारच, आणि तो आला.

आता बैठकीत प्रत्यक्ष काय घडतं ते सांगते. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ते कुणी एक गृहस्थ नाहीत. माझ्याकडे आलेल्या अनेकांचे तुकडे जोडून त्यांना उभं केलं आहे, तेव्हा ओळख पटवायच्या फंदात पडू नका. समजा, ते एसटीचे चालक आहेत. पावसात, घाटात, समोरून घसरत आलेली मोटारसायकल त्यांच्या गाडीखाली आली. चालवणारा कॉलेजातला मुलगा होता. खात्याच्या चौकशीत हे निर्दोष ठरले, ड्यूटीवर रुजूही झाले. पण कुठेही ब्रेक करकचला की त्यांचे हात स्टिअरिंगवर गोठतात. रात्री डोळा लागतो न लागतो तोच रस्त्यावर पडलेली एक चप्पल दिसते. बायको म्हणते, यांना काही विचारायची सोय राहिलेली नाही.

ते आल्या आल्या मी बोटं हलवायला लागत नाही. आठ टप्प्यांचा हा उपचार आहे आणि पहिले दोन टप्पे नुसत्या पायाभरणीचे. आधी कधी काय सोसलंय, दारू किती, झोप किती, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, घरात पाठीशी कोण आहे, हे सगळं समजून घ्यायचं. मग मन फारच उसळलं तर ते शांत कसं करायचं याचा सराव. याला दोन बैठका लागतील, चारही लागतील. ज्याला हा सराव जमत नाही त्याच्या आठवणीला हात लावायचा नाही. घाईने हात लावणारे उपचारक मला माहीत आहेत आणि त्यांचे रुग्ण पुढे माझ्याकडे येतात.

तिसऱ्या टप्प्यात विचारते, "दादा, त्या सगळ्यातलं सगळ्यात वाईट चित्र कोणतं?" ते म्हणतात, "चप्पल." एवढंच. मला एवढं पुरतं. त्या चित्राबरोबर स्वतःबद्दल काय वाटतं? "माझ्याच हातून गेला." त्याऐवजी काय वाटायला हवं होतं? बराच वेळ थांबून ते म्हणतात, "मला जमण्यासारखं होतं ते मी केलं." हे आत्ता कितपत खरं वाटतं, एक ते सातमध्ये? "एक." शरीरात कुठे जाणवतंय? छातीवर हात जातो. आणि त्रास किती, शून्य ते दहामध्ये? इथे मात्र आपली माणसं दहाच्या मापात क्वचित उत्तर देतात. "बारा आणे आहे, मॅडम." नाण्यांचा व्यवहार 1957 मध्ये दशमान झाला, दुखणं अजून आण्यांतच मोजलं जातं. मी त्यांना दहावर ओढत नाही. सोळा आण्यांचा हिशेब दोघांनाही कळतो, आणि मोजण्यासाठी तो तितकाच चोख आहे.

मग बोटं. चित्र मनात, नजर बोटांवर, साधारण अर्धा मिनिट. थांबायचं, श्वास घ्यायचा. "आता काय येतंय?" एखादा शब्द येतो, "पाऊस." बरं, तिथून पुढे जाऊ. पुन्हा अर्धा मिनिट. कधी घाम येतो, कधी रडू, कधी भलतीकडचीच आठवण वर येते. धाकट्या भावाचं आजारपण, वडिलांचा मार. मी मधे पडत नाही, अर्थ सांगत बसत नाही. हे मानसोपचाराच्या प्रशिक्षणातून आलेल्या माणसाला फार जड जातं, कारण आम्हाला बोलायची खोड असते. चाळीसेक मिनिटांनी ते म्हणतात, "मी हॉर्न दिला होता की. हे मला आठवतच नव्हतं." त्रास किती? "चार आणे." चप्पल अजून दिसते, पण लांब.

हा हॉर्न लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

तर गंडादोऱ्याचा प्रश्न. हार्वर्डचे रिचर्ड मॅकनॅली यांनी 1999 मध्ये ईएमडीआरची तुलना अठराव्या शतकातल्या मेस्मरच्या चुंबकीय उपचारांशी केली. टीकाकारांचा मुद्दा असा, की यातला जो भाग गुण देतो तो जुनाच आहे, म्हणजे भीतीच्या गोष्टीला सुरक्षित जागी बसून सामोरं जाणं. नवा भाग म्हणजे डोळे, आणि तो निव्वळ सजावट. 2001 मध्ये डेव्हिडसन आणि पार्कर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. उपचाराचा गुण येतो, पण डोळे हलवल्याने त्यात भर पडत नाही, असं त्यांना दिसलं. प्रकरण तिथेच संपायचं. पण 2013 मध्ये ली आणि कायपर्स यांनी नव्याने तपासणी केली, तेव्हा डोळ्यांच्या हालचालींचा स्वतंत्र परिणाम दिसला. वाद अजून मिटलेला नाही. मिटल्याचं जो कुणी व्यासपीठावरून सांगेल, तो कोणत्याही बाजूचा असो, त्याला हळूच विचारा की अलीकडचं काय वाचलंत.

डोळे काय करत असतील, याचं मला सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण नेदरलँड्समधल्या उट्रेख्टहून आलं. मार्सेल व्हॅन डेन हाऊट, इरिस एंगेलहार्ड आणि त्यांचे सहकारी यांचं ते काम. आपण एखादी गोष्ट मनात 'समोर' धरतो ती जागा अगदी तोकडी असते. मानसशास्त्रात तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. फोन नंबर मनात घोळवत असताना कुणी किंमत विचारली की नंबर जातो, ती ही जागा. भयंकर आठवण तिथे आणली आणि त्याच वेळी त्या जागेला दुसरं कामही लावलं, तर आठवणीला पुरेशी जागा मिळत नाही. ती फिकी होते, तिची धार उतरते. आणि आठवण एकदा बाहेर काढली की परत ठेवताना ती थोडी बदलून ठेवली जाते. कॅरिम नादेर आणि जोसेफ लेडू यांनी 2000 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांपासून या कल्पनेला बळ मिळालं. म्हणजे फिकी झालेली आठवण फिकीच परत जायची शक्यता.

आता गंमत पाहा. हे खरं असेल, तर डोळ्यांचं खास असं काहीच उरत नाही. आकडे उलटे मोजले, अवघड आकृती काढली, व्हिडिओ गेम खेळला तरी परिणाम व्हायला हवा, आणि प्रयोगशाळेत तो होतो. नुसते कानात बीप ऐकवले तर परिणाम कमी, कारण त्यात जागा फारशी व्यापली जात नाही. याहून अडचणीची बाब अशी, की सुखाच्या आठवणीही याच रीतीने फिक्या पडतात. ईएमडीआरच्या पाचव्या टप्प्यात मात्र डोळे हलवूनच स्वतःबद्दलची चांगली धारणा पक्की करतात! एकच क्रिया वाईटाला फिकं करते आणि चांगल्याला गडद, हे कसं? डच संशोधकांनी हा प्रश्न उघड विचारला आहे. शपिरो यांची मांडणी अशी, की मेंदूत अनुभव पचवण्याची एक यंत्रणा आहे, आघाताने ती अडते आणि डोळे ती पुन्हा सुरू करतात. ऐकायला छान, तपासायला अवघड.

कोरियातल्या एका गटाने 2019 मध्ये 'नेचर'मध्ये उंदरांवरचा प्रयोग छापला. भीतीची सवय मोडताना उंदरांना डावी-उजवीकडे आळीपाळीने हलणारा प्रकाश दाखवला, तर भीती अधिक कमी झाली आणि टिकूनही राहिली. नजर वळवणाऱ्या मेंदूच्या भागापासून भीतीच्या केंद्रापर्यंत जाणारी एक वाट त्यांनी दाखवून दिली. हे काम देखणं आहे. पण उंदराला चप्पल दिसत नाही, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये.

मग हा उपचार करावा की नाही? करावा. कसा काम करतो हे न कळता तो काम करतो हे कळणं, वैद्यकात नवं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शनात पीटीएसडीसाठी दोन मानसोपचार सुचवले, त्यातला एक हा. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2018 मध्ये मोठ्या माणसांसाठी तो मान्य केला, पण युद्धातल्या आघाताला वगळून. 2007 मध्ये बेसेल व्हॅन डर कोल्क यांच्या गटाने 88 जणांवर ईएमडीआर, फ्लुऑक्सेटिन ही गोळी आणि खोटी गोळी यांची तुलना केली. उपचार आठ आठवड्यांचा. सहा महिन्यांनी पाहिलं तर ईएमडीआर घेतलेल्यांपैकी ज्यांचा आघात मोठेपणीचा होता त्यांच्यातले 75 टक्के लक्षणमुक्त होते. ज्यांचा लहानपणचा, त्यांच्यातले 33 टक्के. गोळी घेतलेल्यांमध्ये एकही नाही. यातला 75 चा आकडा जाहिरातीत येतो, 33 चा येत नाही. माझ्या दारात मात्र या दुसऱ्या आकड्यातली माणसंच जास्त येतात.

बरोबरीचा दुसरा उपचारही आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एडना फोआ यांनी घडवलेल्या पद्धतीत माणूस घडलेला प्रसंग डोळे मिटून, वर्तमानकाळात, मोठ्याने सांगतो. ते ध्वनिमुद्रित करतात आणि त्याने ते घरी रोज ऐकायचं असतं. याला भक्कम पुरावा आहे. पण दोन खोल्यांच्या घरात, सासूच्या शेजारी झोपणारी बाई ते मुद्रण कुठे ऐकणार? मोबाइल तिच्या एकटीचा नसतो, इअरफोन लावला तर "काय ऐकतेस ग?" असं कुणीतरी विचारतंच. हा अडथळा संशोधनाच्या कुठल्याही तक्त्यात येत नाही. ईएमडीआरमध्ये घरचा अभ्यास जवळपास नाही आणि तोंडाने सांगायचं थोडं. दोन उपचारांचा गुण सारखा असेल, तर इथल्या बाईसाठी मी ईएमडीआर निवडेन. मघाशी मोल म्हणाले ते हे.

'बोलून टाक' या सल्ल्याबद्दलही एक सांगते. दुर्घटना झाली की लगेच सगळ्यांना गोळा करून प्रत्येकाला बोलतं करायचं, अशी पद्धत 1980 च्या दशकात अमेरिकेत निघाली आणि जगभर गेली. चांगल्या हेतूने. अभ्यास झाले तेव्हा दिसलं, की एका बैठकीच्या अशा बोलण्याने पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास तर वाढतो. आता जागतिक आरोग्य संघटना हे करू नका म्हणते. पहिल्या दिवसांत माणसाला पाणी, निवारा, आपल्या माणसांची खबर आणि न टोचणारी सोबत हवी असते. बहुतेक माणसं त्यावर हळूहळू उभी राहतात. उपचार लागतो तो जी राहत नाहीत त्यांना.

हे मी लातुरात बोलते आहे, तेव्हा 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट टाळणं खोटेपणाचं होईल. विसर्जनाची रात्र, 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जाड दगडमातीच्या भिंतींखाली गेली. नंतर कितीतरी जण वर्षानुवर्षं दगडी घरात झोपायला तयार नव्हते. पत्र्याच्या शेडमध्ये, अंगणात झोपत. नवी घरं मिळाली तरी झोप बाहेरच. तेव्हा शपिरो यांची पद्धत सहा वर्षांची होती आणि इथे ती पोहोचली नव्हती. दोन वर्षांनी ओक्लाहोमा शहरात बॉम्बस्फोट झाला आणि स्वखर्चाने मदतीला गेलेल्या ईएमडीआर उपचारकांतून एक सेवाभावी संघटना उभी राहिली. तिची माणसं 1999 च्या भूकंपानंतर तुर्कस्तानात गेली, आणि 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर गुजरातेत भारतीय उपचारकांच्या प्रशिक्षणासाठी आली. मेक्सिकोतल्या अकापुल्कोत वादळग्रस्त मुलांसाठी लुसिना आर्तिगास यांनी 'फुलपाखराची मिठी' काढली: हात छातीवर आडवे घ्यायचे आणि आळीपाळीने खांद्यांवर हलके थापटायचं. मुलांना ती फार आवडते. पण ती म्हणजे पूर्ण उपचार नव्हे, हे पालकांनी लक्षात ठेवावं.

किल्लारीला तेव्हा हा उपचार मिळाला असता तर, असा हिशेब मी मांडणार नाही. इथली माणसं डॉक्टर, शिक्षक, कार्यकर्ते आणि एकमेकांच्या आधाराने उभी राहिली. पण आज साठीला आलेली, अजूनही भांडं पडलं की दाराकडे धावणारी बाई माझ्याकडे आली तर 'आता काय उपयोग' असं मी म्हणत नाही. आठवण किती जुनी आहे यावर या उपचाराचं फारसं अडत नाही.

अडतं ते दुसरीकडे. नवरा आजही मारतो आहे, त्या बाईला बोटांमागे डोळे फिरवायला लावणं हा क्रूरपणा आहे. जे अजून चालू आहे त्याला आठवण म्हणत नाहीत. तिला आधी सुरक्षित जागा हवी, वकील हवा, पोटगी हवी. कर्जापायी नवऱ्याने आत्महत्या केली आणि वसुलीवाले अजून दारात येताहेत, अशा बाईचंही तेच. मनाच्या उपचाराने जगाचा हिशेब चुकता होत नाही, आणि आम्ही उपचारक ही गोष्ट सोयीने विसरतो. ज्यांना मधूनच भान हरपतं, वेळेचा पत्ता राहत नाही, ज्यांना फिट येतात किंवा डोळ्यांचा आजार आहे, त्यांच्याबाबत फार जपून पावलं टाकावी लागतात. काही ठिकाणी डोळ्यांऐवजी गुडघ्यांवर आळीपाळीने थापटून काम चालवतात.

आणि तो हॉर्न. चालकदादांना बैठकीत आठवलेला हॉर्न खरंच वाजला होता का? मला माहीत नाही, मला कळण्याचा मार्गही नाही. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्येच दाखवलं आहे. डोळे हलवल्याने चुकीचे तपशील आठवणीत शिरायला वाव मिळतो का, यावर प्रयोग झाले आहेत आणि निकाल एका बाजूचे नाहीत. दुःख हलकं करायला हे चालतं, साक्ष द्यायला चालत नाही. म्हणून ज्याचा खटला सुरू आहे, मग तो अपघाताचा असो वा अत्याचाराचा, त्याने उपचार सुरू करण्याआधी जबाब नोंदवून घ्यावा आणि वकिलाला सांगून ठेवावं. उपचारकानेही हे स्वतःहून सुचवायला हवं. पुष्कळ जण सुचवत नाहीत.

शेवटचं, कामाचं. यूट्यूबवर डावी-उजवीकडे पळणारा चेंडू दाखवणारे व्हिडिओ आहेत. ते बघून आपली आपण बैठक घेऊ नका. उसळलेलं मन सावरायला तो चेंडू येत नाही. शनिवार-रविवारच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं, तर त्यानंतर कुणाच्या देखरेखीखाली किती काम केलंत, असं बेधडक विचारा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी विचारा. रागावला तर उठून या. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात हा उपचार मिळेलच असं नाही, पण तिथून सुरुवात करता येते, आणि 14416 हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

आता प्रश्नोत्तरं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून स्वयंसेवकांकडे द्या, नाव लिहू नका. आणि एक विनंती: स्वतःबरोबर घडलेलं या सभागृहात उभं राहून सांगू नका. त्यासाठी मी बाहेर ग्रंथालयाच्या खोलीत नऊ वाजेपर्यंत बसणार आहे.